येळवशीची भज्जी आणि वहिनीचं एक एकर: कळंब तालुक्यातल्या एका शेताचं प्रकरण

जानेवारी २०१६ च्या येळवशीला आमच्या घरी भज्जीचं सामान कळंबच्या बाजारातून आणलं होतं. ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी, वेळ अमावस्या, आमच्या लातूर-धाराशिवकडचा सण, त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी करायची, आत पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, आंबील, उंडे, खीर आणि भज्जी. भज्जीत किती जिन्नस पडतात याला गणती नाही, ओल्या तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, वाल, मेथी, चुका, शेंगा, जे रानात असेल ते पातेल्यात. आणि त्या वर्षी आमच्या रानात काहीच नव्हतं. कडबा नव्हता म्हणून कोपपण उसाच्या पाचटाची केली, ते पाचटसुद्धा दुसऱ्याचं. आईनं पिशवीत डोकावून बघितलं आणि एवढंच म्हणाली, "इकतच्या भज्जीनं पांडव जेवत नसतेत."

दुष्काळ होता हे खरं, पण खरं सांगायचं तर पाऊस चांगला झाला असता तरी भज्जीचं अर्धं सामान बाजारातूनच यायला लागलं असतं. कारण रानात तोवर एकच पीक राहिलं होतं, सोयाबीन. हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं लागली, वहिनीच्या त्याच दिवशी लक्षात आलं.

आधी घरचं सांगतो म्हणजे पुढचं कळेल. अप्पा, आई, दादा, वहिनी, त्यांची दोन लेकरं आणि मी. जमीन ६ एकर. त्यातली ४ एकर ओढ्याकाठची काळी, हा ओढा पुढं मांजरेला मिळतो, आणि २ एकर माळावर, मुरमाड, कुदळ मारली की ठिणगी उडावी असलं रान. मी तेव्हा तालुक्याला एका कृषी सेवा केंद्रात हिशोब लिहायचो, म्हणजे खतं-औषधं विकणाऱ्या दुकानात. पुढं जे लिहिलंय ते त्या दुकानात बसून शेतीकडं बघणाऱ्या माणसानं लिहिलंय हे ध्यानात ठेवा, मी काही फार शहाणा नव्हतो.

अप्पांच्या उमेदीच्या काळात खरिपाला ज्वारी, तिच्यात तुरीचे पाटे, उडीद-मूग, कडेनं अंबाडी, मधे कुठं चवळी-भेंडी, इरवड म्हणायचे त्याला. रब्बीला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, आणि करडई. २००० नंतर हळूहळू सोयाबीन आलं आणि १५ वर्षात सगळं गिळून बसलं. कारण साधं आहे, १०० दिवसात पीक निघतं, दिवाळीला हातात रोख, लातूरची बाजारपेठ जवळ, मळणीला मशीन, आणि ज्वारीसारखी पाखरं राखत बसायला नको. सोयाबीनला शिव्या देणाऱ्या लोकांचा मला राग येतो, माझं कॉलेज सोयाबीनवर झालं. पण एक गोष्ट झाली, ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तशी जनावरं गेली, जनावरं गेली तसं शेणखत गेलं, आणि शेणखत गेलं तशी माती उघडी पडली. रानात काडी राहत नाही, मग मातीला पाणी धरायला राहतं काय? मी दुकानात बसून युरियाच्या गोण्या मोजत होतो.

आणि वर पावसाचं हे असं. मराठवाड्यात पावसाळ्यात सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो काही कोकणाच्या मानानं नाही पण ज्वारी-तुरीला पुरायचा. आता सरासरी भरते तरी पोट भरत नाही, तीन-तीन आठवडे खंड आणि मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस. २०१२ गेलं, २०१४ गेलं, २०१५ तर विचारूच नका. मांजरा धरण कोरडं पडलं, आणि त्याच धरणावर लातूर शहर पाणी पितं, म्हणून एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, त्या गाडीचं नाव जलदूत, पहिल्या खेपेला १० वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर. टीव्हीवर सगळ्या देशानं बघितलं. आमच्याकडं तेव्हा दादानं दोन बोअर मारली, दोन्हीत नुसता फफुटा. गाय चारा छावणीत नेऊन बांधली, म्हैस विकली.

त्या उन्हाळ्यात वहिनीनं विषय काढला. ती बचत गटात होती आणि गटातल्या बायांबरोबर एका प्रशिक्षणाला जाऊन आली होती. आमच्या भागात स्वयम शिक्षण प्रयोग ही संस्था १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बायांना बरोबर घेऊन घरं बांधण्याच्या कामात उतरली, प्रेमा गोपालन यांनी ती उभी केली, पुढं त्यांनी दुष्काळी भागात बायांच्या शेतीचं एक एकर मॉडेल पसरवलं. २०१६ मध्येच या कामाला संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. कल्पना एका ओळीची आहे: घरातल्या बाईनं नवऱ्याकडून-सासऱ्याकडून एक एकर मागून घ्यायचं आणि त्यात काय पेरायचं हे तिनं ठरवायचं. आधी घराला खायला, उरलं तर विकायला. रासायनिक खत-औषध नाही, बी घरचं, पिकं जितकी जास्त तितकी बरी.

अवघड भाग पेरणीचा नाही, मागण्याचा आहे. वहिनी अप्पांना मामा म्हणते आणि पदर सावरल्याशिवाय त्यांच्यासमोर उभी राहत नाही. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर हे बोलणं झालं, मी तिथंच होतो.

"मामा, एक एकर मला द्या. काय करायचं ते मी करते."

अप्पा काही बोललेच नाहीत. दादा म्हणाला, "सगळं गाव सोयाबीन करायलंय आन् तू काय हुलगं-मटकी लावतीस का? एक एकर म्हंजी पाच-सहा पोते गेले."

"मागच्या साली किती पोते झाले?" वहिनीनं विचारलं.

२०१५ ला किती झाले होते ते सगळ्यांना माहीत होतं. बियाणाचे पैसे निघाले नव्हते. मग आई मधे पडली, "द्या की वो, न्हाईतरी माळाचं रान पडूनच हाय." आणि अशा पद्धतीनं वहिनीला घरातलं सगळ्यात नालायक रान मिळालं. हे लक्षात ठेवा, पुढं याला महत्त्व आहे.

बियाणं जमवणं हा पहिल्या वर्षाचा खरा उद्योग होता. दुकानात उडीद-तुरीच्या पिशव्या मिळत होत्या, पण हुलगा, मटकी, कारळ, अंबाडी, गावरान चवळी, लाल भोपळा हे कुठून आणायचं? माझ्या दुकानात नव्हतंच, मालकाला विचारलं तर हसला. वहिनीनं माहेराहून आणलं, आत्याकडून आणलं, आणि गावातल्या एका म्हातारीकडं गाडग्यात राखेत घालून ठेवलेलं चार मुठी कारळ निघालं. बायांचं ठरलं, जिच्याकडं जे आहे ते तिनं दुसरीला द्यायचं आणि सुगीत दिढीनं परत घ्यायचं, एक शेर दिलं की दीड शेर. दिढी ही जुनी सावकारीचीच रीत, बायांनी ती आपसात वापरली. आमच्या गावात अशा ११ जणी होत्या.

पेरणी उताराला आडवी. ही एक गोष्ट अशी आहे की पैसा लागत नाही आणि तरी लोक करत नाहीत, कारण ट्रॅक्टरवाल्याला लांब तास बरा पडतो, तो उताराच्या दिशेनं सरळ ओढून मोकळा होतो. वहिनीनं बैल भाड्यानं सांगितले. दर काही ओळींनंतर एक सर रिकामी सोडली, मृत सरी म्हणतात तिला, जास्तीचं पाणी तिच्यातून निघून जातं आणि कमी पडलं तर तिथंच मुरतं. तुरीचे पाटे, मधल्या ओळीत उडीद आणि मूग, एका तुकड्यात बाजरी, कडेला अंबाडी आणि कारळ, बांधावर शेवगा, हादगा आणि गिरिपुष्प. गिरिपुष्पाच्या फांद्या छाटून रानातच टाकायच्या, कुजून खत होतं. घरामागं गांडूळ खताचा बेड. फवारणीला दशपर्णी, म्हणजे दहा झाडांचा पाला कुजवून केलेला अर्क, त्याचा वास आठवला तरी मला अजून जेवण जात नाही.

यामागची गंमत मला नंतर समजली. उडीद-मूग ७०-७५ दिवसात, म्हणजे ऑगस्टअखेर-सप्टेंबरच्या सुरुवातीला घरात. बाजरी त्याच्या मागं. तूर साडेपाच-सहा महिने रानात, तिचं सोटमूळ खोल जातं म्हणून मधल्या खंडात ती तग धरते. सगळी एकाच दिवशी फुलोऱ्यात नसतात, सगळी एकाच दिवशी काढणीला येत नाहीत, त्यामुळं एक खंड किंवा एक अतिवृष्टी सगळ्यांना एकदम गाठू शकत नाही. आणि डाळवर्गीय पिकांच्या मुळावरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, तेवढा युरिया कमी. हे सगळं अप्पांना माहीत होतं बरं का, विचारलं तर म्हणाले, "त्यात काय, आमी तेच करायचो."

पहिलं वर्ष मात्र फजितीचं गेलं. २०१६ ला पाऊस चांगला झाला, सगळ्या गावाचं सोयाबीन जोरात, आणि वहिनीच्या माळावर तण एवढं की पीक शोधावं लागत होतं. रानडुकरांनी बाजरी लोळवली. तूर बरी आली पण त्या वर्षी देशभर तूर इतकी पिकली की २०१७ च्या सुरुवातीला हमीभाव क्विंटलला ५०५० रुपये असून बाजारात त्याच्या खाली गेली, खरेदी केंद्रापुढं गाड्यांच्या रांगा. दादा दिवाळीपासून शिमग्यापर्यंत टोमणे मारत होता. वहिनीनं तूर विकलीच नाही, भरडली आणि डाळ डब्यात भरली. तेव्हापासून आमच्या घरी दुकानची तूरडाळ आली नाही.

२०१८ पासून खरं बोलायला मिळतं. त्या साली पावसानं सप्टेंबरमध्ये पाठ फिरवली, सोयाबीनच्या शेंगा चपट्या, रब्बी तर पेरलीच नाही. वहिनीचा उडीद तोवर घरात आला होता. तूर अर्धीच झाली. पण बाजरीचं सरमाड, म्हणजे वाळलेली ताटं, आणि तुरीच्या भुसकटावर गाय जगली, २०१९ च्या उन्हाळ्यात तिला छावणीत न्यावं लागलं नाही. माझ्या हिशोबात ही त्या एकराची सगळ्यात मोठी कमाई आहे आणि ती कुठल्याच पावतीवर येत नाही.

पुढची वर्षं पटापट सांगतो. ऑक्टोबर २०२० ला काढणीच्या वेळी अतिवृष्टी, सोयाबीनच्या गंजी भिजल्या. सप्टेंबर २०२१ ला गुलाब वादळाचा पाऊस, ज्या मांजरा धरणासाठी रेल्वे आली होती त्याचे सगळे दरवाजे उघडावे लागले. २०२२ ला जुलैत गोगलगायी, लातूर-धाराशिव-बीडकडं उगवलेलं सोयाबीन त्यांनी रात्रीतून कातरून टाकलं, आमच्याकडं दुबार पेरणी. वहिनीच्या रानातही आल्याच, त्यांना काय सेंद्रिय कळतं का, पण गटाच्या बायांनी गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी टाकायची आणि सकाळी खालच्या गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या असं दहा-बारा दिवस पाळीपाळीनं एकमेकींच्या रानात केलं. एका घराच्या बसची गोष्ट नव्हती ती. २०२३ चा ऑगस्ट तर देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. असं प्रत्येक वर्षी काहीतरी, आणि प्रत्येक वर्षी त्या एकरातलं एखाद-दुसरं पीक जायचं, बाकीचं राहायचं. सगळं गेलं असं एकदाही झालं नाही, आणि सगळं आलं असंही एकदाही झालं नाही.

आणि मग सप्टेंबर २०२५. ज्यांनी तो पाऊस बघितलाय त्यांना सांगायला नको. मांजरा, सीना, तेरणा सगळ्या पात्र सोडून वाहत होत्या, परंडा-भूमकडं लोकांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. आमचा ओढा चार एकरावरून गेला. पाणी उतरल्यावर दादा बांधावर जाऊन बसला, बघवत नव्हतं, पीक तर गेलंच पण वरची माती खरडून खाली पांढरं उघडं पडलं. सरकारी निकषात जिरायत पिकाला हेक्टरी ८५०० रुपये, म्हणजे एकराला ३४०० च्या आसपास, वर रब्बीसाठी वेगळी मदत जाहीर झाली, पण माती कशी परत आणणार?

माळावरचं वहिनीचं रान जागेवर होतं. उडीद-मूग त्याआधीच घरात आलेला, थोडा काळा पडलेला पण घरात. बाजरीची कणसं भिजून काही बुरशीनं गेली. तूर सखल कोपऱ्यात पाणी साचून मर लागून वाळली, बाकीची उभी. शेवगा उभा, हादगा उभा, भोपळ्याचे वेल सडले.

आता इथं सावध राहायला पाहिजे. गावात लगेच सुरू झालं, बघा मिश्र पिकानं तारलं. पण ओढा माळावर चढलाच नव्हता! चांगलं रान ओढ्याकाठी होतं म्हणून ते गेलं, नालायक रान उंचावर होतं म्हणून राहिलं. त्यात वहिनीच्या पिकांचं काय कर्तृत्व? हा प्रश्न मला दोन दिवस छळत होता. मग मी शेजारचा एकर बघायला गेलो, माळावरची आमचीच दुसरी एकर, दादाची, तीच माती, तोच उतार, तोच पाऊस, पण सोयाबीन. पाणी तिथंही साचलं नव्हतं. पण पीक नेमकं काढणीला आलेलं आणि शेंगेतच मोड फुटलेले, दाण्याला बाजारात कोणी हात लावला नसता. आणि पेरणी ट्रॅक्टरनं उताराच्या दिशेनं, त्यामुळं तासातासातून मातीच्या घळी पडलेल्या, बोटभर नाही, वीतभर. वहिनीच्या बाजूला गाळ बांधाला गिरिपुष्पाच्या बुडात अडकून बसलेला. त्यामुळं माझं मत असं झालंय: पुरापासून तिला उंचीनं वाचवलं, पण पावसापासून पिकांच्या वेगवेगळ्या वेळांनी आणि आडव्या तासांनी. दोन्ही गोष्टी एकत्र करून सांगू नयेत.

आता जे जमलं नाही ते. पहिलं, पैसा. या एकरातून रोख थोडीच येते, आठवडी बाजारात शेवगा, भाजी, थोडी डाळ. लेकराची फी अजून सोयाबीनच भरतं, त्यामुळं सहाच्या सहा एकरात हेच करा असं कुणी म्हणालं तर मी दादाच्या बाजूनं बोलेन. सोयाबीनचा हमीभाव २०२४ ला क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात ४ हजाराच्या आसपास मिळत होता, तरी लोक तेच पेरतात, कारण ते विकलं तरी जातं.

दुसरं, कष्ट. माझ्या वहीत बैलांचं भाडं आहे, पोत्यांचा खर्च आहे, शेवग्याचे पैसे आहेत. वहिनीच्या मजुरीचा रकाना नाही. खुरपणी, वेचणी, दशपर्णी ढवळणं, गांडुळाच्या बेडवर पाणी मारणं, हे सगळं घरचं काम उरकून. मी एकदा म्हणालो, "वहिनी, तुमची रोजंदारी धरू का हिशोबात?" तर म्हणल्या, "भाऊजी, धरू नका, तोटा दिसंल आन् हे रान काढून घेतील." त्यावर मी गप्प बसलो.

तिसरं, सातबारा. १९९२ पासून लक्ष्मी मुक्तीचा शासन निर्णय आहे, नवऱ्यानं अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं. आमच्या घरी अर्ज अजून कपाटात आहे. जमीन अप्पांच्या नावावर, मग आधी दादाच्या नावावर यायला पाहिजे, मग बहिणींच्या सह्या, ते लांबतंच. त्यामुळं एखादं अनुदान आलं की अप्पा, विमा भरायचा तर अप्पा. वर आणखी गंमत म्हणजे ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईलवरून सरकारकडं करायच्या पीकनोंदीत, दादानं काही वर्षं सगळ्या ६ एकरावर सोयाबीनच नोंदवलं होतं, विम्याला सोपं पडतं म्हणून. म्हणजे कागदावर वहिनीचं एकर अस्तित्वातच नव्हतं.

आणि चौथं सगळ्यात वाईट. गटातल्या ११ जणींपैकी तिघींना स्वतःची जमीन नव्हती, त्यांनी पडीक रान खंडानं घेतलं होतं. तीन-चार वर्षं खत घालून, बांध घालून रान सुधारलं, तशी मालकांनी ते परत मागून घेतलं आणि सोयाबीन पेरलं. लेखी काहीच नव्हतं. त्यातली एक आता उसतोडीला जाते. अशा कामाचं कौतुक करायला जे कोण येतात ते सहसा हा भाग विचारत नाहीत. बाया माती सुधारतात हे खरं, पण माती कुणाची हे आधी ठरवायला पाहिजे, निदान पाच-सहा वर्षांचा लेखी करार तरी. ११ पैकी आज ७ जणी टिकून आहेत.

पाणी ओसरल्यावर काळ्या रानात, जिथं माती उरली होती तिथं, रब्बी पेरायचं ठरलं. दादा शाळू म्हणाला, बऱ्याच वर्षांनी. बियाणाच्या पिशव्या घ्यायला हातात पैसा नव्हता, मदतीचे पैसे खात्यात यायचे होते. वहिनीकडं डब्यात राखेत घातलेला गावरान शाळू होता, थोडी करडई होती. तिनं मापून दिली आणि मला वही काढायला लावली. दादाच्या नावापुढं मी लिहिलं, शाळू ८ किलो, करडई ४ किलो, उसनं.

डिसेंबर २०२५ च्या येळवशीला कोप आमच्याच बाजरीच्या सरमाडाची होती, जरा बुटकी झाली. भज्जीत तूर, वाल, शेवग्याची पानं, चुका, मेथी सगळं रानातलं, हरभरा तेवढा नव्हता, रान वाफशावर यायला उशीर झाला म्हणून घाटे भरले नव्हते, ते शेजाऱ्याकडून आणले. आई काही बोलली नाही, दोनदा वाढून घेतलं. जेवण झाल्यावर दादानं हात धुता धुता विचारलं, "ते शाळूचं बी परत किती द्यायचं?"

"दिढीनं," वहिनी म्हणाली. "गटाचा नियम हाय."